गुंडावरचं नाव

संध्याकाळी आईला घरात आणणं हे आमच्या घरातलं सगळ्यात अवघड काम आहे. स्वयंपाक, धुणं, नवऱ्याच्या फॅक्टरीतल्या पाळ्या, हे सगळं त्यापुढे काहीच नाही. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरला पुढे छोटा व्हरांडा आहे. त्याच्या पायरीवर ती दुपारचा चहा झाला की जाऊन बसते. फॅक्टरीच्या बसेस येतात, माणसं उतरतात, डबे हलवत आपापल्या ओळीत शिरतात. मैदानावर पोरं खेळत असतात. अंधारून आलं की समोरच्या क्वार्टरमधली बाई पोरांना नाव घेऊन हाका मारते आणि पोरं चेंडू तिथेच टाकून धावत सुटतात. आई हे सगळं बघते. मग मान वळवून मला विचारते, "मले हाक आली का वं?"

"आली ना. मीच मारून राहिली. चाल आई, आत चाल."

"आई तं मायी मेली," ती म्हणते.

मग मी तिच्या नावानं हाक मारते. आधारकार्डावर आहे, रेशनकार्डावर आहे, मतदारयादीत आहे, त्या नावानं. ती आजूबाजूला बघते, जणू मी दुसऱ्याच कुणाला बोलावते आहे. "ते इथी नाही," मला समजावते. "ते सासरी गेली."

हाताला धरून उठवावं तर ती पायरीचा कठडा पकडते आणि ओरडते. शेजारच्या बायका खिडकीत येतात. मी म्हातारीला मारते असं त्यांना वाटत असणार, आणि खरं सांगायचं तर एकदोनदा हात शिवशिवला आहे. डास चावतात, भात गार होतो, ती हलत नाही. तिला हाक यायची असते. खेळायला गेलेल्या पोरीला घरून हाक येते ना, ती. ती आल्याशिवाय घरात कसं जायचं?

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं, लहानपणी घरात ज्या नावानं बोलवायचे त्या नावानं हाक मारून बघा, कधीकधी उपयोग होतो. मी मान डोलावली, फी दिली, आईला रिक्षात बसवलं. अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं की आईचं लहानपणीचं नाव मला माहीत नाही.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव तर जातंच, पहिलं नावही जातं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. सगळ्या बायका वाकून वाचतात, हसतात, कुणीतरी पेढा भरवतं. ताट उचललं की तांदूळ हलतात आणि नाव पुसलं जातं, पण तोपर्यंत ते नवरीला चिकटलेलं असतं. माझंही असंच झालं. या वसाहतीत, बँकेत, दवाखान्यात मी त्या तांदळातल्या नावाची आहे. जुन्या नावानं मला हाक मारणारी एकटी आई होती, कारण ते तिनंच ठेवलेलं होतं. भाऊ ताई म्हणतो. बाकी कुणाला आता ते नाव आठवतही नसेल. गेल्या दोन वर्षांत तिनं तेही सोडलं. आता ती मला 'बाई' म्हणते, भांडी घासायला आलेल्या बाईला म्हणावं तशी. मला त्याचं फार वाईट वाटतं, पण ते कुणाला सांगणार?

आईचं माहेर सिहोऱ्याकडचं, धानाच्या शेतीतलं. मी तिकडे फोन लावला. मामेभाऊ भला माणूस आहे, पण त्याला काय माहीत असणार? "आमी तं मोठ्या आत्याच म्हनो," तो म्हणाला. "नाव घ्याची काय गरज पडली कधी?" त्याच्या वडिलांना माहीत असतं, ते वारले. गावातल्या एका फार म्हाताऱ्या बाईला त्यानं विचारून पाहिलं. तिनं दोन नावं सांगितली आणि पुढे म्हणाली की तिसरंही असू शकतं. मी त्या दोन्ही नावांनी आईला एकेकदा हाक मारली. तिनं ढुंकून पाहिलं नाही. आई शाळेत गेली नव्हती, म्हणजे दाखला नाही. बाबांना विचारता आलं असतं, पण बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ते असते तरी उपयोग नव्हता. ते जन्मभर तिला 'आयकलं का' म्हणत आले.

आणि मग एका दुपारी भांडी घासताना मला गुंड आठवला.

पाण्याचं मोठं पितळी भांडं, गोल पोटाचं आणि अरुंद गळ्याचं. आमच्या भागात त्याला गुंड म्हणतात. हा गुंड आईच्या आंदणातला होता. आंदणाच्या भांड्यावर मुलीचं नाव टाकायची रीत आहे, पण ते टाकतात लग्नाच्या आधी, म्हणून ते माहेरचं असतं. कासार छोट्या छिन्नीनं एकेक टिंब ठोकून अक्षर काढायचा. माझ्या माहेरी, पवनीच्या घरात, तो गुंड चुलीच्या बाजूच्या पाटावर असायचा आणि त्याच्या गळ्याखाली टिंबांची एक ओळ होती. राखेनं आणि चिंचेनं घासून घासून ती इतकी झिजली होती की अक्षरं कळण्याऐवजी नुसती बोटाला खरखर लागायची. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, हे कोणाचं नाव आहे? आई म्हणाली, "होती एक पोरगी." मी पुढे विचारलं नाही. मला खेळायला जायचं होतं.

झिजलेलं असलं तरी नाव होतं. उजेडात तिरपं धरलं असतं, वर कोळशाची पूड चोळली असती, तर वाचता आलं असतं. आईचं ते नाव जगात अजून कुठे उरलं असेल तर तिथेच, हे मला कळलं तेव्हा माझ्या हातातली कढई तशीच साबणात राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. सिहोऱ्याला फोन कशाला, गुंड तर भावाच्या घरी आहे.

शनिवारी दुपारी आईला नवऱ्यावर सोपवून मी अड्याळमार्गे पवनीची बस धरली.

भावानं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं आहे. बाबांचा हातमाग जिथे होता तिथे आता मोटरसायकल उभी असते. भाऊ दुकानात होता. भावजयीनं पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी गुंड कुठे आहे विचारल्यावर तिचा चेहरा थोडा बदलला.

"तो मोडीत गेला ना, ताई."

"कधी?"

"स्लॅब पडला तवाच. नळ आले, वर टाकी बसली. त्या गुंडाले ठेवावं कुठी? कासारओळीत दिला, त्याच्यावर स्टीलचे डबे आले." मग तीच चिडली. "तुमी तं लगन करून गेल्या, ताई. तो उचलून उचलून मायी कंबर ढिल्ली झाली. घासू मी, भरू मी, आन आठवन तुमाले येते."

तिचं काही चुकलं नव्हतं. सासूचं नाव काय होतं हे सुनेनं का लक्षात ठेवावं, पोटच्या पोरीनं ठेवलं नाही तर? तरी मी तिच्यावर रागावले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

कासारओळ आमच्या घरापासून लांब नाही. लहानपणी ती डोळे मिटूनही सापडायची, इतका ठोकण्याचा आवाज असायचा. दुकानापुढे दुकानदार बसलेले, मागे कारागीर, ओळीच्या शेवटी नदीकडे जाणारा उतार. पुढे स्टील आलं, प्लास्टिक आलं, आवाज बंद झाला, आणि बरीच वर्षं तिथे नुसत्या बंद फळ्या होत्या. आता मात्र ती ओळ नव्यानं सजली आहे. तोंडाशी कमान आहे, कमानीवर 'हेरिटेज स्ट्रीट' असं लिहिलं आहे. दर शनिवारी-रविवारी संध्याकाळपासून नाईट मार्केट. कमानीच्या अलीकडे मोमोज, पलीकडे मातीच्या कुल्हडातला चहा, मध्ये फोटो काढायला एक रंगवलेली बैलगाडी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! फळ्यांच्या दुकानांत जुन्या वस्तू मांडल्या आहेत. कंदील, पानदानं, धान मोजायच्या पायल्या, वजनाचे काटे. एका खिळ्याला विणकरांचे धोटे जुडी करून टांगले होते. तो धोटा रोज बाबांच्या हातात असायचा, सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे पळायचा. एक मुलगी आईला म्हणत होती, "किती क्यूट होडी आहे ना!" कुणाकुणाला सांगत बसायचं?

भावजयीनं सांगितलेलं दुकान सापडलं. मालक माझ्या वयाचा, केसांना मेंदी. त्याचे वडील आणि आजोबा याच जागी भांडी विकायचे. मी म्हटलं, जुने गुंड बघायचे आहेत. तो खूश झाला. "या, बसा. एक नंबर माल आहे. सगडे नावाचे."

खरंच सगळे नावांचे होते. दुकानाच्या पायरीपासून आतल्या भिंतीपर्यंत गुंड, हंडे, पराती, तांबे मांडलेले आणि प्रत्येकावर टिंबांत एकेक बाई. मी खाली बसले आणि वाचू लागले. माळेतल्या दिव्यांचा उजेड निळा-पिवळा होत होता. कुठल्या कुठल्या गावांहून या आल्या असतील, आणि प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी म्हणालं असेल, त्याले ठेवावं कुठी. माझ्या मागून माणसं आईस्क्रीम खात जात होती. मला एकदम रडू आलं, आणि रडताना लोक बघतात म्हणून स्वतःचाच रागही आला.

आमचा गुंड दाराजवळ होता. त्यात वाळलेल्या गवताचे तुरे खोचले होते. मी ओळखला तो पोच्यावरून. मी शाळेत असताना नदीच्या घाटावर माझ्या हातून तो घसरला आणि त्याच्या पोटाला ओंजळीएवढा पोचा पडला. मला वाटलं, आता मार मिळणार. आईनं पोच्यावर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं, आता कमरेवर नीट बसते." त्या दिवसापासून तो गुंड खरंच तिच्या कमरेच्या हाडावर बेतून केल्यासारखा बसायचा. मी त्यातले तुरे काढले, पोच्यात हात ठेवला. तोच होता. बुडाचं भोक बुजवायला लावलेली डाकही तीच.

मग गळ्याखाली पाहिलं. तीन अक्षरांचं नाव होतं. स्पष्ट, सुबक, एकेक टिंब मोजून घ्यावं असं. लहानपणी बोटाला लागायची ती नुसती खरखर नव्हती. हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि मी ते बाजूला सारलं. यांनी पॉलिश केलं असेल, घाण निघाली असेल, अक्षरं उघडी पडली असतील. बुडत्याला काडीचा आधार पुरतो, आणि माझ्या हातात तर अख्खा गुंड होता. किंमत मालकानं अशी सांगितली की भावजयीला कळली तर तिला झोप लागणार नाही. मी घासाघीस केली नाही.

रात्र भावाकडे काढून दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "काकू, तुमच्या गावाले नळ नाही का?" मी हसले. मला त्या दिवशी कशाचंही हसू येत होतं.

आईनं गुंड पाहिला आणि पायरीवरून उठली. पहिल्यांदा तिचा हात पोच्यावर गेला. मग गळ्यावर. मग तिनं तो उचलून कमरेवर घ्यायचा प्रयत्न केला. मी सावरला नसता तर दोघीही पडलो असतो. "राख आन," मला म्हणाली. गॅसच्या घरात राख कुठून आणू? मी चिंच दिली, मीठ दिलं. ती व्हरांड्यात फतकल मारून बसली आणि अंधार पडेपर्यंत गुंड घासत राहिली. एवढी शांत ती कित्येक महिन्यांत नव्हती. मी दारात उभी राहून त्या तीन अक्षरांनी हाक मारली. तिनं ऐकलं नाही.

मी सोडलं नाही. मी चिवट आहे. रोज संध्याकाळी गुंड तिच्यापुढे ठेवायचा, तिचं बोट धरून टिंबांवरून फिरवायचं, नाव घ्यायचं. "हे तू. तुयं नाव. ओ दे ना." पुन्हा नाव. "ओ दे, ओ दे." नवरा म्हणाला, पोपटाला शिकवतेस का? मी त्याला म्हटलं, तुझी आई असती म्हणजे कळलं असतं. मी ओ म्हणून दाखवायची, गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवायची, पुन्हा हाक मारायची. कितीतरी संध्याकाळी अशा गेल्या.

आणि एके दिवशी मैदानावरची पोरं घरी पळाली, समोरच्या बाईची हाक विरली, मी आतूनच, पोळ्या करता करता, सवयीनं ते नाव घेतलं. व्हरांड्यातून आवाज आला, "ओ."

मी बाहेर आले. आई उभी होती. पदर सावरला, चपला काढल्या, पाय पुसले आणि आत आली. वरण-भात जेवली, वरून ताक मागून घेतलं. मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून रडले. नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सापडली म्हण की."

पुढचे काही आठवडे आमच्या घरात सण होता. दिवे लागले की मी हाक मारायची, ती ओ द्यायची आणि आत यायची. शेजारच्या बायकाही त्याच नावानं विचारपूस करू लागल्या. मी सिहोऱ्याला फोन करून मामेभावाला नाव सांगितलं. तो म्हणाला, "असंन बाप्पा, असंन." त्याच्या आवाजात खात्री नव्हती, पण मला ती कशाला हवी होती? हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. मला मनातून अशीही आशा होती की हे एक नाव परत आलं तर त्याच्या मागोमाग दुसरंही येईल. एखाद्या दिवशी ती माझ्याकडे बघून 'बाई' म्हणणार नाही.

मग तिनं गुंडी मागितली. "याच्यावर गुंडी होती," ती म्हणायची. "गुंडी कुठी आहे?" खरंच होती. गुंडावर ठेवायचं धाकटं भांडं, तेही आंदणातलंच, तेही त्याच दुकानात मोडीत गेलेलं. मी पुन्हा पवनीची बस धरली.

या वेळी दुपारीच पोचले. बाजार लागायला वेळ होता. कमानीखाली कुणी दिव्यांच्या माळा सोडवत होतं. दुकानासमोर तरटावर एक कारागीर बसला होता, मांडीवर परात, हातात छिन्नी आणि बारकी हातोडी. लहानपणी ऐकलेला तो टिक-टिक आवाज ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग मी वाकून पाहिलं, तो काय ठोकतो आहे. तीन अक्षरं होती. आईचं नाव होतं.

मी आत पाहिलं. एका तांब्यावर तेच नाव. पानदानावर तेच. मागच्या रांगेत एका हंड्यावर तेच, त्याच वळणाचं. मागच्या वेळी संध्याकाळच्या उजेडात मी हे वाचलं असणार, पण आमचा गुंड सापडायच्या आधी मला त्या नावाचं काही वाटायचं कारण नव्हतं.

"हे नाव?" मी मालकाला विचारलं.

त्यानं काही लपवलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "पयले आमी मशीनवर बफ मारून, घासून सगडे नावं पुसून टाकत होतो," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात कोन घेते? मंग हा बजार लागला, नागपूरचे लोक येऊन राहिले. ते म्हनते, नावाचं दाखवा, ओरिजनल पायजे. आता पुसलेलं तं वापस येत नाही. मंग टाकून देतो."

"पण हेच काहून?"

"सोपं पडते ना, बाई. तीनच अक्षरं. काना नाही, मात्रा नाही."

मी त्याला आमच्या गुंडाचं सांगितलं. पोचा, डाक, गळ्याखालची ओळ. "त्याच्यावर आधी काय होतं?" मी विचारलं. "तुम्हीच पुसलं ना? काय होतं?"

"बफ मारताना कोन वाचते?"

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुझ्या आईचं नाव पुसलं असतं तर, असं काहीतरी. चहाच्या ठेल्यावरची माणसं गोळा झाली, एकानं मोबाईल वर धरला. मालक हात जोडून म्हणत होता, बाई, चुकी झाली, मले काय मालूम. आणि तो मनापासून म्हणत होता, हे जास्त वाईट होतं. त्याला मदत करायची होती. "आना तो गुंड," तो म्हणाला. "तुमाले पायजे ते नाव टाकून देतो. फुकटात. सांगा, कोनतं टाकू?"

कारागिरानंही हातोडी थांबवून माझ्याकडे पाहिलं. दोघे वाट बघत होते. मला सांगता आलं असतं तर मी त्यांच्या पाया पडून सांगितलं असतं.

गुंडी न विचारताच मी परत फिरले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. आता कुणालाच ठाऊक नाही. तिची आई, तिचे वडील, भाऊ, सगळे गेले, एक भांडं उरलं होतं, तेही पुसलं. ती सिहोऱ्याची पोरगी आता कुठेच नाही, आणि मी एका खोट्या नावानं तिला रोज घरात घेत होते. तरीही ती येत होती. मग ती का येत होती? हा प्रश्न अड्याळ सोडल्यावर डोक्यात शिरला आणि जवाहरनगरपर्यंत निघाला नाही.

उतरले तेव्हा दिवे लागत होते. आई पायरीवर होती, शेजारी नवरा, पुढ्यात गुंड. पोरं घरी गेली होती. "तुझी वाट बघते आहे," नवरा म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला. आईनं माझ्याकडे पाहिलं. "मले हाक आली का?"

ती तीन अक्षरं माझ्या तोंडातून निघेनात. मी तिच्यासमोर उभी राहिले. मग मला काय सुचलं कोण जाणे, दुकानातल्या एका परातीवर वाचलेलं भलतंच नाव मी घेतलं. कुठल्या बाईचं, कुठल्या गावचं, मला माहीत नाही.

"ओ," आई म्हणाली आणि उठायला लागली.

नाव नव्हतंच ते. मीच तिला शिकवलं होतं की असा आवाज आला की ओ द्यायची आणि घरात जायचं. ते तिला नवीनही नव्हतं. पोरसवदा असताना एका ताटातल्या तांदळात कुणीतरी नाव लिहिलं होतं आणि त्या दिवसापासून तिनं त्याला ओ दिली होती, जन्मभर, एकदाही न चुकता. कुणीही काहीही म्हणावं आणि तिनं ओ द्यावी.

ती कठड्याला धरून उभी होती. मी तिच्याजवळ गेले, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मी माझं नाव घेतलं. बारशाचं, तिनं स्वतः ठेवलेलं, लग्नानंतर तिच्याशिवाय कुणीच न घेतलेलं. मला वाटलं, हे तरी तिला टोचेल. ती थांबेल, म्हणेल, हे मायं नाही, हे तं मायी पोरगी.

"ओ," आई म्हणाली. पदर सावरला, पाय पुसले आणि आत गेली.